कैदेतलं वांगं

“आबाला स्टेजवर बोलू द्यावं का न्हाई? पुन्हा त्या पाकिस्तानातल्या बाईच्या वांग्याचं कौतुक केलं, तर माझं इलेक्शन गेलंच म्हण!”

हे मामा, म्हणजे माझे सासरे, स्वयंपाकघरात सासूबाईंना सांगत होते. मी दाराआड रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी होते.

नव्या सुनेनं कमी बोलावं म्हणतात. सोयीचंच आहे ते. आपण गप्प बसलो की किस्से आपोआप साठतात, माठाखालच्या ताटलीत पाणी साठावं तसे.

आबा माझे आजेसासरे. एक्काहत्तरच्या लढाईत बॉम्बर विमानात नेव्हिगेटर होते. पायलटला वाट दाखवायची. विमान पाडलं गेलं, आबा पॅराशूटनं उतरले आणि वर्षभर तिकडं कैदेत राहिले. यंदा मामा सरपंचपदाला उभे. म्हणून सव्वीस जानेवारीला दिंद्रुडच्या शाळेत आबांचा सत्कार!

* * *

आबा उतरले ते थेट कुणाच्या तरी कापसात. माणसं काठ्या घेऊन धावली.

“पयली काठी कापूस मोडला म्हणून,” आबा सांगतात. “दुश्मन हाय हे तेंना मागून कळलं!”

* * *

चौकशीत आबांची उर्दू ऐकून अधिकारी चमकला. कुठं शिकलास? “बीड.” नकाशात बीड काही सापडेना. त्याला वाटलं, नक्की गुप्त विमानतळ!

आबा म्हणाले, “साहेब, तिथं अजून रेल्वे न्हाई, विमानतळ कुठून येईल?”

* * *

माझ्या पहिल्या हळदी-कुंकवाला बायकांनी मला घेरलं. माहेर कुठलं, शिक्षण किती, सोनं किती, गोड बातमी कधी!

ओसरीवरून आबांचा आवाज आला, “सूनबाई! कैद्यानं फकस्त नाव, हुद्दा, नंबर! बाकी एक अक्षर सांगायचं न्हाई!”

* * *

परळीला जाताना यांनी मोबाईलचा मॅप लावला. मॅप म्हणे डावीकडं, आबा म्हणे उजवीकडं. यांनी मॅपचं ऐकलं. गाडी नांगरलेल्या रानात रुतली.

आबा खाली उतरले, चाकाकडं बघून म्हणाले, “आमचं विमान निदान शत्रूनं पाडलतं!”

* * *

आता ते वांगं. कैदेत आबांना ताप चढला. अन्न जाईना. तेव्हा एका पहारेकऱ्यानं घरून बायकोच्या हातचं भरलं वांगं आणलं. आबा उठून बसले. सासूबाई अजून धुसफुसतात, “जन्म गेला माझा वांगी करण्यात, अन् नाव तिचं!”

सत्काराला मामांनी भाषण लिहून दिलं. त्यात नुसती मारहाण. आबांनी कागद घडी करून खिशात घातला.

“मला मारलं, ते खरं. वांगं आलं, तेबी खरं. एकच ऐकायचं आसंल तर दुसऱ्याला बोलवा.”

आणि खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना.

घरी आल्यावर मामा भडकले. “काहून बोललाव? विरोधकाला आयतं कोलीत दिलं! आता मत कोण देईल मला?”

आबा भिंतीकडं बघत बसले. त्या घरात त्यांना इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.  

मी म्हणाले, “मामा, माझं मत अजून पाटोद्याला, माहेरीच आहे. इकडं आणावं की नाही, ठरत नव्हतं. आज शाळेत आबांचं ऐकलं आणि ठरलं, आणायचं.”