आपोआप चढणारी गाडी

घाटातल्या पाटीवर लिहिलं होतं, 'इथे गाडी न्यूट्रलला टाका, ती आपोआप चढ चढेल.' नवऱ्याने भाड्याची कॅम्परव्हॅन थांबवली. सकाळच्या भांडणानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. त्याने ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी खरंच वर सरकू लागली.

हा मुळात उतारच असतो, हे मी वाचलं होतं. आजूबाजूचे डोंगर असे कललेले असतात की डोळ्यांना तो चढ वाटतो. काही न करता आमचंही छान चाललंय, असंच तर सगळ्यांना सांगत आलो होतो.

वेग वाढला. गाडीतल्या मागच्या स्वयंपाकाच्या ओट्यावरची भांडी खडखडली.

"अरे, ब्रेक दाब!" मी ओरडले.

त्याचा पाय आधीच ब्रेकवर होता.