बरणीतली पिल्लं

बार्शीटाकळीच्या शेतात तुरीच्या शेंगा तोडताना मोठ्या जाऊबाईंनी मला हाक मारली. "हे पाह्य वं, हात जोडून बसली बया."

प्रार्थनाकीटकाची मादी होती. बघता बघता ती फांदीला उलटी लटकली, शेपटीकडून फेस काढू लागली. आम्ही दोघी म्हाताऱ्या कमरेवर हात ठेवून तिचं बाळंतपण बघत उभ्या. फेस वाळून तपकिरी झाला. चिंचोक्याएवढी कडक डबी, आत अंडी.

तूर कापायची वेळ आली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "एवढी फांदी धुऱ्यावरच्या बोरीले बांधून ठेऊ. जनम गेला तुरीत, पण पिल्लं निघताना पाह्यली नाई कधी."

मी शहाणी! म्हटलं, "बांधावर मुंग्या खातील. मी अमरावतीले घरी नेते. निघायच्या येळेले तुमाले बोलावते."

सांभाळणं म्हणजे काय, ते मी नवी नवरी असताना शिकले. काय ते माझं ध्यान! कॉलेज शिकलेलं, आणि लोणचं मुरलं का ते बघायला दिवसातून दहादा बरणी उघडायचं. बुरशी आली. सासूबाई म्हणाल्या, "बरणीले हात लावू नोको वं." त्या बावळटीनं हा धडा असा गिरवला की पुन्हा माझं लोणचं कधी नासलं नाही.

तर मी ती काडी बरणीत ठेवली, तोंडाला फडक्याचा दादरा घट्ट बांधला आणि हात लावला नाही. भाचीच्या लग्नाला अकोल्यात जाऊन चांगली मिरवले. परत येऊन दादरा सोडला. तळाशी डासाएवढी पिल्लं वाळून पडलेली. कुठे नुसतेच पाय. खायला काही नाही, म्हणून एकमेकांना खाल्लेलं. दोन जिवंत होती, ती गॅलरीतल्या कढीपत्त्यावर सोडली. सकाळी तीही दिसेनात.

दुपारी जाऊबाईंचा फोन.

"निघाले काय वं?"

"निघाले."

"मंग मले काहून नाई बलावलं?"

"लग्नात होते ना मी."

"किती हायेत?"

"मोजताच नाही आले. गॅलरीत कढीपत्त्यावर सोडले."

एक शब्द खोटा नाही. खोटं न बोलता फसवण्यात मी लहानपणापासून पटाईत.

पुढे त्या डोळे दाखवायला अमरावतीला आल्या. चपला काढल्या आणि थेट गॅलरीत. कढीपत्त्याचं एकेक पान उलटून बघू लागल्या. "लय हुशार लेकरं, दिसूनच नाई राह्यले."

मला राहवेना. सगळं सांगितलं, बरणीसकट.

त्यांनी हातातलं पान हळूच सोडलं. "अवं, त्याइले दाणापाणी लागते. ते का लोणचं हाय?" म्हणाल्या आणि हसल्या. वाटलं, सुटले.

चहा बशीत ओतताना मात्र माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "येत्या साली डबी दिसली, तं तुले नाई सांगत."