ताईने वळवलेली वाट

मास्तरांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तशाच मुलांना ते शाळेतून, घरोघरच्या पडद्यांवर, हातांच्या खुणांनी शिकवत. पण दुपारचे दोन वाजले की पडद्यावर मुलांचे हात अर्ध्यातच गोठायचे. इतरांचं चित्र अडकलं तरी आवाज तरी येतो. इथे चित्र हाच आवाज.

शाळेला इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या कंपनीत त्यांची ताईच कामाला होती. त्याआधी वीस वर्षं ती टेलिफोनचे कॉल जोडून देत होती. ते काम बंद पडलं तेव्हा पंचेचाळिशीत हट्टाने नेटवर्कचं काम शिकली. मास्तर थेट तिच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

ताईने खुणांनीच सांगितलं, "बाहेरून आपल्याकडे यायला दोन वाटा आहेत. मोठ्या कंपनीची दुपारी तुंबते. दुसरी मोकळी असते."

"मग मोकळीवरून आण की!"

"जाणारं कुठून पाठवायचं ते मी ठरवते. येणाऱ्याची वाट समोरचे ठरवतात. आपण फक्त त्यांचं मन वळवायचं."

प्रत्येक नेटवर्कला नंबर असतो, आणि वाटेत जितके कमी नंबर लागतात तितकी ती जवळची धरतात. ताईने तुंबलेल्या वाटेवर शाळेचा इंटरनेटवरचा पत्ता जाहीर करताना आपलाच नंबर चारदा लिहिला, म्हणजे ती लांबची दिसावी. काडीचाही फरक पडला नाही.

शेजारचा इंजिनिअर म्हणाला, "मोठ्यांपुढे आपलं काय चालतंय? सोडा नाद." त्याचे ओठ वाचून मास्तरांचं तोंड उतरलं.

ताईने मात्र मोठ्या कंपनीची नियमावली पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एकेचाळिसाव्या पानावर सापडलं: ताईच्या कंपनीसारख्या ग्राहकाची थेट वाट कितीही लांब दिसो, ते तीच आधी धरतात, पण ग्राहकाने पत्त्यासोबत एक ठरावीक खूण जोडली, तर ती वाट सगळ्यात शेवटी धरतात.

"बघ, त्यांनाही खुणेनंच कळतं!" ताई हसली आणि तिने खूण जोडली. दहा मिनिटांत तुंबलेल्या वाटेचा आलेख खाली आला, मोकळीचा वर चढला. इंजिनिअर खुर्ची ओढून जवळ सरकला. "मलाही दाखवा ना, कुठलं पान?"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता एकोणीस मुलांचे हात सरसर चालत होते. मास्तरांनी ताईला बोलावून पडद्यासमोर उभं केलं आणि छाती फुगवून सांगितलं, "हे हिने केलं. माझी सख्खी बहीण!"

मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले. त्यांच्या टाळ्या अशाच. एका मुलीने विचारलं, "मला शिकवाल?"

ताईने डोळे टिपले आणि उत्तर दिलं, "आधी गणिताची वही दाखव."