तिला खलनायक आवडायचे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या मुलीला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी खोटं बोलत नाही, असं माझ्याबद्दल लोक म्हणतात. आयुष्यभर ऑडिटचं काम केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी खजिनदार होतो, तेव्हा सभेत कुणी शंका काढली की बाकीचे म्हणायचे, काळेसाहेबांनी बघितलंय ना, मग पुढचा विषय घ्या. हे आधीच सांगून ठेवतो. कारण त्या दिवशीही मी खोटं बोललो नव्हतो. म्हणजे — शब्दाला शब्द लावून बघितलं तर नाही.

केतकी, आमची एकुलती एक, तेव्हा आठ वर्षांची होती. तिला कार्टूनमधले खलनायकच आवडायचे. नायक आला की ती पाणी प्यायला उठायची. काळा झगा, लांब नखं, कड्यावरचा किल्ला असलं कुणी पडद्यावर आलं की मांडी घालून पुढे सरकायची. आईची काळी ओढणी गळ्याला बांधून जिन्यात उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हिंदीत धमक्या द्यायची. इस्त्रीवाला कपड्यांचं गाठोडं खाली ठेवून शरण यायचा. सुनंदा, माझी बायको, म्हणायची, "हिचं लग्न राक्षसाशीच लावायला लागणार."

"चालेल," ही म्हणायची, "त्याचं घर मोठं असतं."

मी एकदा विचारलं होतं, वाईट माणसंच का गं आवडतात तुला? ती म्हणाली, "ते सगळं सांगून करतात ना, बाबा. आणि हरले की एकटेच घरी जातात." मला कौतुक वाटलं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं.

मुद्द्यावर येतो. येत नाहीये, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

सोसायटीचा गणपती होता. शाडूची मूर्ती आदल्या दिवशी दुपारी आणून तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाटावर ठेवली होती, तोंडावर रुमाल झाकून. सगळे चहाला घरी गेले. मी मागे राहिलो. आदल्या वर्षी मखराची कमान मुकुटाला घासली होती, म्हणून मला उंची मोजून खात्री करायची होती. कुणी सांगितलं नव्हतं. अंदाजावर सोडवत नाही, हा माझा स्वभाव. रुमाल काढला, स्टीलचा टेप पाटापासून वर ओढला. टेपचं टोक निसटलं. पट्टी सपकन मागे आली — आणि आशीर्वादाच्या हाताची दोन बोटं पाटावर पडली.

मी काय केलं? रुमाल पुन्हा टाकला. टेप खिशात घातला. घरी जाऊन हात धुतले आणि चहा प्यायलो. कुणी बघेल, मग मी सांगेन, असं मनात म्हणालो होतो. खरंच म्हणालो होतो का? आता सांगता येत नाही.

मुलांच्या कार्यक्रमाची तालीम हॉलमध्येच होती. केतकी सगळ्यांच्या आधी गेली, ओढणी बांधून. बाप्पाचं तोंड बघायला तिने रुमाल उचलला. त्याच वेळी रांगोळीचे डबे घेऊन कुडाळकर काकू आत आल्या. आमच्या शेजारच्या.

"ह्यां काय केलंस गो चेडवा?" काकूंचा आवाज मला दुसऱ्या मजल्यावर ऐकू आला.

मी खाली पोचलो तेव्हा सगळे जमले होते. केतकी म्हणत होती, मी नाही केलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सुनंदाने तिचा दंड धरला होता. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "काळेसाहेब, तुम्ही काय म्हणता?"

टेप तेव्हाही माझ्या खिशातच होता.

मी म्हणालो, "तिला हल्ली खलनायकांचंच वेड आहे."

बघा, यातला कुठला शब्द खोटा आहे? मी कित्येक वर्षं हेच स्वतःला विचारत आलो. एकही नाही. पण त्या वाक्यानंतर कुणी काही विचारलं नाही. सुनंदाने तिला सगळ्यांसमोर कान धरायला लावले. प्राणप्रतिष्ठा व्हायची होती, त्यामुळे मूर्तिकाराला बोलावून बोटं जोडून घेता आली. संध्याकाळपर्यंत सगळं निभावलं.

हेच सगळं असतं तर कदाचित मी तुम्हाला सांगितलंही नसतं.

जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. ओढणी घडी करून आईच्या कपाटात ठेवून आली होती. म्हणाली, "बाबा, मी केलं असेल आणि मला आठवत नसेल, असं होऊ शकतं?"

घरात आम्ही दोघंच जागे होतो. नाही म्हणायला काय लागत होतं?

मी म्हणालो, "होऊ शकतं."

त्या वर्षी मार्गशीर्षात कुडाळकर काका गेले. हृदयविकार जुना होता, सगळ्यांना माहीत होता. पण एकदा लिफ्टपाशी काकू कुणाला तरी म्हणाल्या, "बाप्पाचो हात मोडलो, तेवाच माका समाजलां." केतकी शाळेचं दप्तर घेऊन माझ्या शेजारी उभी होती. मी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.

तिने खलनायक सोडले. कार्टूनच सोडली. शहाणी झाली, असं सगळे म्हणाले. कुठेही काही फुटलं, हरवलं, बिघडलं की ती आधी म्हणायची, "असेल माझ्याकडूनच." अजून म्हणते. दोन वर्षांपूर्वी नोकरीत दुसऱ्या कुणाची मोठी चूक तिच्यावर आली, तेव्हा तिने हेच सांगितलं आणि राजीनामा दिला. मी तिला म्हणालो, नीट तपासलंस का? ती म्हणाली, "तपासून काय, बाबा." ऑडिट केलेला माणूस मी. मी विषय बदलला.

आता ती कांदिवलीला असते, सासरी. ह्या वर्षी त्यांच्या घरच्या गणपतीला आम्ही जेवायला गेलो. तिथे कळलं की लग्न झाल्यापासून तिने मूर्तीला हात लावलेला नाही. हारसुद्धा जावई घालतात. विहीणबाईंनी सहज कारण विचारलं, तेव्हा तिने पंगतीतच ती गोष्ट सांगितली. हसत सांगितली, लहानपणीचा वात्रटपणा सांगावा तशी. मी कशी राक्षसीण होते, बाप्पाची बोटं कशी मोडली, आई कशी संतापली. आणि मग म्हणाली, "सगळी बिल्डिंग ओरडत होती माझ्यावर. एक बाबाच ओरडले नाहीत. रात्री मला जवळ घेऊन बसले. ते नसते तर माझं काय झालं असतं, माहीत नाही."

जावयाने माझ्याकडे बघितलं. फार आदराने बघितलं.

मी वरणभात कालवत होतो. विहीणबाईंनी विचारलं, तूप वाढू का. मी हो म्हणालो.