कपाळावरचा डाग

माझ्या घरात परदेशातून काय काय आलंय म्हणून सांगू! लसूण सोलायची रबरी नळी, बाटलीत सोडायचा दिवा, एकदा तर दोन्ही डाव्या पायाच्या चपला. बेल वाजली की नवरा आतूनच ओरडतो, "आला तुझा परदेशी आहेर!" म्हणू दे. मी त्या ऑनलाइन बाजाराची पक्की गिऱ्हाईक आहे. लोकांचे अनुभव एकूण एक वाचल्याशिवाय मी साधं चमच्यांचं स्टँडसुद्धा घेत नाही.

आईचं चित्र मात्र मी गंमत म्हणून मागवलं नव्हतं. तिचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि भिंतीवर लावायला धड फोटो नव्हता. ही बाई जन्मभर फोटोला उभी राहिली नाही. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. एका लग्नात जेवता जेवता कुणाकडे तरी बघून हसली, तेवढाच एक, तोही कुणाच्या तरी मोबाइलवर, लांबून काढलेला. सानपाड्याच्या स्टुडिओवाल्यानं तो मोठा करून दिला तर चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले. मग मला ते दुकान सापडलं. तुम्ही फोटो पाठवायचा, ते हातानं तैलचित्र काढून पाठवणार. खाली जगभरातल्या लोकांनी अनुभव लिहिलेले. कुणी गेलेल्या कुत्र्याचं चित्र करून घेतलेलं, कुणी आजोबांचं. एकीनं लिहिलं होतं, पार्सलची नळी उघडली, चित्र पाहिलं आणि मी जमिनीवरच बसले. ते वाचलं आणि मी ऑर्डर देऊन टाकली.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे सीवूड्सला राहायला आले होते. ते रोज चहाच्या वेळी विचारायचे, "कुठवर आली गं?" पार्सल आलं का, असं एकदाही नाही. कुठवर आली. मी मोबाइल बघून सांगायचे, गोदामातून निघाल्ये, विमानात बसल्ये. एकदा म्हटलं, "बाबा, कस्टममध्ये अडकल्ये." तर म्हणाले, "तिला कोण अडवणार?" आणि बिस्किट चहात बुडवलं. मला हसू आलं, पण अंगावर काटाही आला, खोटं का बोला.

ती आली एका दुपारी. लांब पुठ्ठ्याची नळी, तिच्यात गुंडाळलेलं कापड. मी ते डायनिंग टेबलावर पसरलं, कोपऱ्यांवर लोणच्याची बरणी आणि डबे ठेवले. काय सांगू, आई होती हो! तेच डोळे, आता "गॅस बंद केलास का" असं विचारतील असे. कानातल्या कुड्या, हनुवटीखालची घडी, सगळं जिथल्या तिथे. मला रडू फुटणार तेवढ्यात माझी नजर कपाळावर गेली.

कपाळावर कुंकू नव्हतं.

आई टिकली लावायची नाही, कुंकूच लावायची, बोटानं. त्याची कड कधी अगदी गोल यायची नाही. आंघोळ करून बाहेर यायची ती कुंकू लावूनच. आम्ही भावंडांनी तिला बिनकुंकवाची कधी पाहिली नाही, आजारपणातसुद्धा नाही. आणि इथे ते कपाळ नुसतं गुळगुळीत, मोकळं. मी घाईघाईनं वर टॉवेल टाकायला गेले, पण बाबा चष्मा पुसत मागे येऊन उभे होते.

त्यांनी टेबलाला हात टेकला. वाकून बघितलं. मी म्हटलं, "बाबा, चूक झाल्ये त्यांची. मी परत पाठवते." ते नुसतं "राहू दे" म्हणाले आणि चित्र उचलून आपल्या खोलीत घेऊन गेले. पलंगासमोरच्या भिंतीवर चिकटपट्टीनं लावलं.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. दारातच किंचाळली. "अगं बये! अहेव गेली ती. मळवट भरून पाठवली आपण तिला. आणि हे पांढरं कपाळ? माझा दादा धडधाकट बसलाय ना अजून समोर!" मग स्वतःच जीभ चावली. बाबा पलंगावर बसूनच म्हणाले, "बस गं, पाणी घे." त्या चित्रात आई विधवा होती. म्हणजे त्या चित्राच्या हिशेबानं बाबा नव्हतेच.

मी शकुन-अपशकुन मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मी त्यालाच हाड म्हणते. पण त्या दिवसापासून बाबांचं जेवण उतरलं. पोळी चिवडायची आणि ताट सरकवायचं. करावे गावाच्या बाजूला रोज फिरायला जायचे, ते बंद केलं. गोळ्या वाटीत तशाच राहायला लागल्या. भर दुपारी, सगळी सोसायटी चिडीचूप असताना, त्यांच्या खोलीतून बोलणं ऐकू यायचं. हळू आवाजात काहीतरी म्हणायचे, मग थांबायचे, समोरून उत्तर यायची वाट बघितल्यासारखे. मग परत तेच. मी दाराला कान लावला तर शब्द लागायचे नाहीत.

कपडे ठेवायला आत गेले की ती बघायची. मी कुठेही उभी राहिले तरी बघायची, पण ओळख नसल्यासारखी. माझी स्वतःची आई, आणि मी पाठ भिंतीला लावून खोलीतून बाहेर पडायचे. एकदा बाबा बाथरूममध्ये असताना मी चित्रावर चादर टाकली. संध्याकाळी चादर घडी करून माझ्या पलंगावर ठेवलेली. माझी झोप उडाली. मला सरळ दिसत होतं, बाबा तिच्या मागे निघालेत, आणि हे चित्र घरात मीच बोलावून आणलंय.

मग माझं डोकं सणकलं. दुकानदाराला असा झाडला म्हणता! एक तारा दिला, चित्राचा फोटो टाकला, खाली लिहिलं, माझ्या आईचं कुंकू कुठे आहे? उत्तर लगेच आलं, मशीननं मराठी केलेलं. "प्रिय मैत्रीण, नमस्कार. आमच्या कलाकाराने कपाळावरील लाल डाग मोफत काढून टाकला आहे. तुमची आई आता अधिक सुंदर आहे. कृपया पाच तारे द्या." डाग! मी मोबाइल सोफ्यावर फेकला. परत उचलला. कुंकू म्हणजे काय ते लिहायला बसले आणि हात टेकले. नवरा जिवंत असलेल्या बाईचं लक्षण, असं लिहिलं तर पलीकडून प्रश्न आला, "पण मैत्रीण, ती व्यक्ती मृत आहे ना?" आता याला काय सांगणार, कपाळ!

पण माणूस वाईट नसावा. दोन दिवसांनी निरोप आला की कलाकाराला वाईट वाटलं, दुसरं चित्र फुकट काढून देतील, "लाल ठिपक्याचा आकार आणि नेमकी जागा कळवा." माझा जीव भांड्यात पडला. हे चित्र जाईल, कुंकवाची आई येईल, बाबा जेवतील. तेवढ्यासाठीच मी त्यांच्या खोलीत गेले.

"बाबा, आईचं कुंकू केवढं असायचं हो? भुवयांच्या मधोमध की जरा वर? ते लोक नवीन काढून देतायत."

"नको," बाबा म्हणाले.

"नको काय? हे काय कपाळ आहे? आत्या म्हणते ते मला पटत नाही, पण तुमची काय दशा झाल्ये बघा! मला भीती वाटते हो तुमची." मी रडायलाच लागले.

त्यांनी मला शेजारी बसवलं. "तुम्हाला वाटतं, त्यानं चुकवलंय. त्यानं बरोबर काढलंय. शेवटी ती अशीच दिसत होती."

आयसीयूत एकालाच सोडायचे, आणि तो एक म्हणजे बाबा. आम्ही खाली कँटीनमध्ये. नाकातोंडाला मास्क, पट्ट्या, त्यासाठी सिस्टरनी तिचं तोंड पुसून घेतलेलं, कुंकवासकट. आम्हाला दिसली ती आत्यानं मळवट भरल्यावरच. मधली आई आम्ही पाहिलीच नव्हती. वर्षभर तो जिवंतपणीचा चेहरा एकट्या बाबांकडे होता आणि आम्हाला पत्ताही नाही.

"बोलली होती का काही?" मी विचारलं. हे आधी विचारायचं धाडस कुणी केलं नव्हतं. बाबांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, झोपेत गेली म्हणून.

बाबा चित्राकडे बघत म्हणाले, "मास्क बाजूला करून माझ्याकडे बघितलंन. म्हणाली, भाऊ, आमच्या ह्यांना जरा बोलवता का? बाहेरच बसले असतील."

मी चित्राकडे वळून बघितलं.

"मला भाऊ म्हणाली गं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर. मी म्हटलं असतं ना, अगं मीच आहे, तर घाबरली असती. परका पुरुष कॉटपाशी बसून नवरा म्हणवतोय म्हणून. म्हणून म्हटलं, बोलवतो वहिनी. उठलो, दाराबाहेर गेलो, शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला. परत आत आलो, म्हटलं, आलो गं मी. तर डोळे मिटलेले. ते मिटलेलेच."

खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, ती टुकटुक वाजत होती. बाबांनी माझा हात घट्ट धरला.

"तिला वाटत असेल, त्या माणसानं निरोप दिलाच नाही. म्हणून सांगतोय रोज, दिला गं त्यानं निरोप, लगेच दिला. हे बघ, मी आलोय. पण कुंकवाच्या बाईला सांगून काय उपयोग? तिनं कुणाला बोलवलंच नव्हतं."