चालतंय की

माझ्याच अंगाचा कोंडा मलाच झाडायला लावला.

कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात पांढऱ्या चादरीवर बसले होते. लुगडं गुडघ्याच्या वर घेतलेलं. भोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. मोठ्या डॉक्टरनं पेन्सिलीच्या बुडानं माझी नडगी खरडली. पांढरे खवले पडले, चादरीवर, फरशीवर. तो इंग्रजीत बोलला. सगळे वाकून बघायला लागले. एक पोरगी मात्र नाकाला पदर लावून मागं सरकली.

आयाबाईनं केरसुणी माझ्या हातात दिली. "तुझी घाण तूच काढ, बये. मी न्हाय हात लावणार."

डॉक्टरनं ऐकलं. पेन्सिल खिशाला लावली.

मी खाली उतरले. उकिडवं बसता येत नव्हतं. एका हातावर भार टाकला आणि दुसऱ्या हातानं झाडलं. घोळक्यानं पाय उचलून केरसुणीला वाट करून दिली. झाडताना आणखी खवले पडत होते, तेही झाडले.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही गडमुडशिंगीचे. माझ्या हातापायांवर, पाठीवर हे खवले लग्नानंतर दुसऱ्या बाळंतपणापासून. गुडघे त्यानंतर गेले. गावात कुणी महारोग म्हणालं, कुणी देवाचं म्हणालं. माझ्या जावेनं एक दिवस पिठाची परात माझ्यापुढनं ओढून घेतली. "तुझ्या हातची भाकरी पोरांच्या घशाखाली उतरत न्हाय, वैनी." त्या दिवसापासून माझ्याकडं शेण-घाण, म्हशी आणि रान. चुलीकडं जायचं नाही.

मग कळलं की कोल्हापुरात हा पुण्याकडचा मोठा डॉक्टर आलाय, नवं औषध फुकट देतोय. पण ज्याला जास्त त्रास, त्यालाच. त्रास तो प्रश्न विचारून मोजणार. मला ते औषध पाहिजे होतं. बरं वाटावं म्हणून नाही. मला माझी परात पाहिजे होती.

झाडून झाल्यावर मोजायला बसवलं. तो विचारील, मी सांगीन, एक शिकाऊ पोरगा आकडा टाकील.

"खुर्चीतून उठताना गुडघा दुखतो का?"

"खुर्ची न्हाय आमच्यात."

"म्हणजे दुखत नाही. जिना चढताना?"

"जिना न्हाय."

"बरं. कपडे निवडताना कातडीमुळं विचार करावा लागतो?"

"दोन लुगडी हायत. एक वाळत असतंय."

पोरं हसली. मलाही वाटलं, काहीतरी चुकीचं बोलले. म्हैस पिळायला बसल्यावर दावं धरून उठावं लागतं, ते त्यानं विचारलं नाही. परसाकडं कसं बसते ते विचारलं नाही. परातीचं तर नाहीच. आणि न विचारलेलं मोठ्या माणसापुढं बोलायची मला सवय नव्हती.

शेवटी म्हणाला, "आणि चालण्याचं कसं काय?"

मी म्हणाले, "चालतंय की."

त्यानं मान हलवली. पोरग्यानं आकडा टाकला. डॉक्टर म्हणाला, "फारसा त्रास नाही. पुढचा."

बाहेर हुसेनाबी थांबली होती. आमच्या शेजारची. मालकांना रानातनं सवड नव्हती, म्हणून तीच मला घेऊन आलेली. तिनं सगळं विचारून घेतलं, मग कपाळावर हात मारला.

"अगं येडे, चालतंय म्हणालीस? त्येला वाटलं, तू चालतीस. पाय चालत्यात."

"मी आपलं चालतंय म्हणालो. कोण 'कसं काय' इचारलं तर म्हणतंयच की माणूस."

"गावात म्हण की. ह्यो पुण्याचा हाय. त्येला चालतंय म्हंजे चालतंयच!" ती हसली. माझं तोंड बघून थांबली. "जा माघारी. चालत न्हाय म्हणून सांग."

गेले. डॉक्टर चहा पीत होता.

"सायेब, चालत न्हाय."

"आत्ताच तर चालत आलात, बाई."

पोरं खदखदून हसली. तो म्हणाला, "आकडा पडलाय. औषध पाहिजे म्हटलं की सगळ्यांचाच त्रास वाढतो." आणि आयाबाईकडं बघून फरशीकडं बोट केलं. मी उभी होते तिथं पुन्हा कोंडा पडला होता.

आयाबाईनं केरसुणी पुढं केली. तिच्यावर माझा राग नाही. तिला बोट दाखवणारा खुर्चीत होता.

मी केरसुणी घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"मी न्हाय झाडत. मी हितं औशिदाला आलोय."

एक पोरगा म्हणाला, "'आलेय' म्हणायचं, मावशी."

आमच्याकडं बाई 'आलो'च म्हणते. मी त्याच्याकडं बघून परत म्हणाले, "आलोय. झाडायला न्हाय आलो."

कोणी हसलं नाही. कोणी उठलंही नाही. औषध मिळालं नाही. भिंतीला धरून मी बाहेर आले.

घरी गेल्यावर परातीपुढं बसले. जाऊ ओरडली. मी उठले नाही. उठताच येत नव्हतं, ते एक बरं झालं. भाकरी थापल्या. पहिली मी खाल्ली. पोरांनी खाल्ली नाही त्या दिवशी. पुढं खायला लागली, भूक लागल्यावर.

तेव्हापासून मी कुणालाही चालतंय म्हणत नाही. कुणी विचारलं तर गुडघ्यापासून सुरू करते. लोक कंटाळतात. कंटाळू देत. न विचारलेलंही सांगते. आता नातवानं प्लॅस्टिकची खुर्ची आणलीय. उठताना दुखतं. पण तो खुर्चीचा प्रश्न विचारायला कोणी येत नाही.

ती फरशी एकदा झाडली ती मी. दुसऱ्यांदा झाडली नाही तीही मीच. अंग तेच आहे, अजून कोंडा पडतो.