जावयाच्या तिरडीचं वजन

भूतखेत, देवऋषी, अंगात येणं... असलं कुणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. चौथीपर्यंत शाळा, पुढचं सगळं आयुष्य झेंडूच्या शेतात. मेलेला माणूस मेला, एवढंच मला ठाऊक. तरी हे लिहितोय, कारण सांगायला घरात कुणी नाही. बायको कधीच गेली, आणि पोरीपुढं हा विषय काढवत नाही.

साल २००४. आमचं घर नाशिकजवळ मखमलाबादला. शोभा माझी एकुलती एक मुलगी, नंदू तिचा नवरा. सातपूरला कंपनीत कामाला. माझी बायको गेली तेव्हा तोच म्हणाला, "मामा, आम्ही इकडंच राहायला येतो. मला कंपनी इथून जवळ पडते."

जवळ कसली, उलट लांब पडायची. गावानं घरजावई म्हणून टोमणे मारले. तो हसायचा आणि स्कूटरला किक मारायचा.

दसऱ्याला आम्ही दोघं फुलांच्या गोण्या टेम्पोत चढवायचो. दवानं भिजलेल्या, चांगल्या जड. नंदू हळूच खाली हात घालून सगळा भार स्वतःकडं घ्यायचा, वर म्हणायचा, "जोर तुमचाच हाय मामा, मी नुसतं धरलंय." लोखंडी कपाट माळ्यावर नेताना तेच. त्याआधी माझ्या आजारी बायकोला खुर्चीत बसवून रिक्षापर्यंत नेताना तेच. माझ्या हातात नुसतं टोक यायचं.

असा माणूस त्या साली पंचेचाळिशीत गेला. कामावर छातीत कळ आली. घरी आणला तो झाकूनच.

तिरडी उचलायच्या वेळी मी पुढं झालो. शेजारचा काशिनाथ आडवा आला.

"तात्या, थोरल्यानं धाकट्याला खांदा द्यायचा नसतो. आन् वाटेत पडलात तर अजून एक बांधावी लागंल."

"बांध. माझीच आधी बांधायला पायजे होती."

मग कुणी अडवलं नाही. जन्मभर त्यानं माझं उचललं. एकदा तरी मला त्याचं उचलायचं होतं. बास, एवढंच.

मी पुढं डावीकडं, माझ्या मागं काशिनाथ. बांबू खांद्यावर आला... आणि वजनच नाही. हातानं चाचपून बघितलं, बांबू सदऱ्यावर टेकलेला. पण भार नाही. नंदू अंगानं भरलेला गडी होता. म्हटलं, मी बुटका, काशिनाथ उंच, म्हणून असेल.

विसाव्याला तिरडी खाली ठेवली. रीतीप्रमाणे पुढचे मागं झाले, मागचे पुढं. आता तरी भार येईल म्हणून मी चवड्यांवर उंच होऊन खांदा वर दिला. तरी नाही.

"टाक की रे," मी पुटपुटलो. "टाक माझ्यावर."

स्मशानापर्यंत माझा खांदा मोकळाच राहिला.

आंघोळीच्या वेळी काशिनाथनं सदरा काढला. त्याच्या खांद्याची सालटं निघाली होती.

"लय जड झाला होता नंदू," तो म्हणाला. "तात्या, तुमचं बघू."

माझ्या खांद्यावर साधा वळसुद्धा नव्हता. तो बघत राहिला, मग अंगावर पाणी ओतून घ्यायला लागला.

नंतर डॉक्टर म्हणाले, दुःखात अंग बधिर होतं. असेल. पण त्याच दिवशी सकाळी शोभा माझ्या अंगावर कोसळली होती. तिचं वजन मला कळलं की. पार हाडापर्यंत कळलं. मग बधिरपणा दुपारीच कसा आला?

याचा उलगडा मला आजही नाही. लोक म्हणतात, पुण्यवान माणूस, हलका होऊन गेला. मला असलं समाधान नको. मला त्याचा भार पाहिजे होता. म्हातारपणी एवढं एकच मागितलं, तेही त्यानं खाली हात घालून काढून घेतलं.

दसऱ्याला आता गोणी मी एकटाच ओढतो. पहिल्या वर्षी जरा थांबून बघितलं, दुसरं टोक कुणी उचलतंय का.

ती जडच होती. सगळीच्या सगळी.